मधल्या मजल्यावरची गच्ची

बाई : घेतला स्वल्पविराम. आता पुढच्या पानावर जायचं का?

मास्तर : थांब. तो सूत्राला अगदी चिकटून बसलाय. शब्दाला विराम चिकटला तर शोभतो, ती दोघं एकाच घरची. सूत्र हे पाहुणं. त्याच्या आणि विरामाच्या मध्ये केसभर जागा हवी.

बाई : केसभर म्हणजे किती, ते संगणकावरच्या या आज्ञांच्या भाषेला सांगावं लागतं. तिच्याकडे बारीक फट आहे, मध्यम आहे, रुंद आहे. तुमचा केस कुठल्या मापाचा?

मास्तर : बारीक.

बाई : ही घातली. गंमत म्हणजे बारीक फटीची आज्ञाही स्वल्पविरामच आहे, नुसती त्याच्याआधी एक उलटी तिरकी रेघ. फिरवते एकदा, म्हणजे आज्ञांचं छापल्यासारखं पान होईल. बघा पडद्यावर.

मास्तर : हं. आता श्वास घेतंय वाक्य.

बाई : वाक्याचं राहू द्या, मला घेऊ द्या. पाचला बंडू येईल. माझा सख्खा भाऊ असला तरी छापखाना त्याला चालवायचाय. कागद कापून, यंत्र मोकळं ठेवून बसलाय तो.

मास्तर : घाई छापखान्याला असते, भाषेला नसते. त्या खालच्या सूत्रापुढे पूर्णविराम दिसत नाही. सूत्र झालं तरी ते वाक्यच आहे. वाक्य संपलं की ते संपलं असं म्हणायला नको?

बाई : म्हटलंय मी. तुमचा चष्मा कपाळावर आहे.

मास्तर : आहे खरा. दिलायस पूर्णविराम.

बाई : अहो, एक विचारू?

मास्तर : विचार.

बाई : गेला आठवडाभर तुम्ही मला नुसत्या फटी आणि विराम सांगताय. त्याआधी दोन वर्षं तुम्ही कागदावर लिहायचं, मी या आज्ञांच्या भाषेत उतरवायचं, असं चाललं होतं; आणि संध्याकाळी भांडायला निदान एखादं प्रमेय तरी असायचं. या आठवड्यात गणिताचा शब्द नाही. तिसऱ्या प्रकरणाचं पान आलं की तुम्ही पाणी प्यायला उठता.

मास्तर : तहान लागते.

बाई : त्याच पानावर?

मास्तर : उन्हाळा आहे.

बाई : मी आर्किटेक्टच्या कचेरीत जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले. घरमालक खिडकीच्या रंगावरून घोळ घालायला लागला, की आम्ही समजायचो, याला पायाची धास्ती वाटतेय.

मास्तर : तू फार हुशार आहेस, हे मी प्रस्तावनेत लिहायचं राहून गेलं.

बाई : विषय बदलू नका.

मास्तर : मला एक स्वप्न पडलं.

बाई : कधी?

मास्तर : आठवड्यापूर्वी. जेवण झाल्यावर याच खुर्चीत डोळा लागला होता. ऊन असंच त्या भिंतीवर होतं, खिडकीच्या पडद्याची सावली त्यात हलत होती, आणि पाण्याखालून पाहावं तशी खोली दिसत होती. मग मी जिना चढत होतो. हा आपला भाड्याच्या घराचा करकरणारा जिना नव्हे. दगडी होता, स्वच्छ, आणि माझ्या पायांना पाठ होता. वर मोकळा उजेड. मी खाली पाहतच नव्हतो. मध्येच एक पाऊल टाकलं तेव्हा तळव्याला काही लागलंच नाही. तरी ते बरोबर पुढच्या पायरीवर जाऊन पडलं. मी वळून पाहिलं. मधली एक पायरी नव्हती. पडली होती असं नव्हे. ती कधी बसवलेलीच नव्हती, आणि मी जन्मभर सवयीने तिच्यावरून ढांग टाकत आलो होतो.

बाई : आणि जाग आली.

मास्तर : जाग आली तेव्हा ती पायरी कुठली, ते मला ठाऊक होतं. तिसरं प्रकरण, मुख्य प्रमेय, सिद्धतेचा दुसरा परिच्छेद. 'हे उघड आहे की'.

बाई : ते तुम्ही इतक्या वेळा लिहिता की मी त्याची एक छोटी आज्ञाच करून ठेवलीय. मी एक शब्द टाइप करते, पुढचं सगळं आपोआप उमटतं.

मास्तर : म्हणजे यंत्रालाही ते न बघता म्हणायची सवय लागली.

बाई : तिथे उघड नाही का?

मास्तर : तिथे मिट्ट काळोख आहे. दोन गोष्टी अनंतापर्यंत न्यायच्या आहेत. आधी एक नेऊन मग दुसरी न्यायची, की उलट करायचं, याने उत्तर बदलू शकतं. मी क्रम बदलला आणि म्हटलं, हे उघड आहे.

बाई : म्हणजे प्रमेय खोटं आहे?

मास्तर : तेच तर कळत नाही. आठवडाभर रोज पहाटे उठून बघतोय. खरं ठरत नाही, खोटंही ठरत नाही. ते सुचलं तेव्हा मी जेमतेम पंचविशीत होतो. त्याच वर्षी तू भेटलीस. या दोन्ही गोष्टींविषयी मला कधी शंका आली नव्हती.

बाई : एकीविषयी अजून नाही ना आलेली?

मास्तर : तिची मी सिद्धता मागितली नाही. तेवढं शहाणपण होतं.

बाई : मग आठवडाभर मला सांगितलं का नाहीत?

मास्तर : सांगून काय करणार होतीस? सगळं पुस्तक त्यावर उभं आहे. चौथं प्रकरण, पाचवं, सहावं, सगळी त्याच्याच खांद्यावर. तू दोन वर्षं त्या पडद्यापुढे डोळे फोडलेस. मी काय म्हणणार होतो, की मिटव संगणक, हे सगळं हवेत बांधलंय?

बाई : म्हणून स्वल्पविराम.

मास्तर : स्वल्पविराम निदान आपल्या हातात असतात.

(खालून जिन्याच्या पायऱ्या करकरू लागतात. मास्तर कान देऊन ऐकतात. त्यांना वाटतं, आत्ता एखादी चुकेल. एकही चुकत नाही, आणि दार वाजतं.)

बंडू : काय दाजी, झालं का? ताई, पाणी दे आधी. तुमचा हा जिना एक दिवस मला घेऊन खाली जाणार.

बाई : जिना धड आहे. तू वजन कमी कर.

बंडू : आलीस लगेच मापावर. द्या दाजी फाइल. तुमच्यासाठी एका शाळेचा अहवाल मागे ठेवलाय मी. त्यांचा हेडमास्तर सकाळपासून फोन करतोय, आणि तो तुमच्यासारखा गोड बोलत नाही.

मास्तर : बंडोपंत, बसा जरा.

बंडू : बंडोपंत म्हणालात म्हणजे फाइल तयार नाही.

बाई : तिसऱ्या प्रकरणातल्या मुख्य प्रमेयाला एक पायरी कमी पडतेय.

बंडू : म्हणजे पान वाढणार?

मास्तर : पान नव्हे. सिद्धतेत भोक आहे.

बंडू : केवढं?

मास्तर : असं बघा. पाहुण्यांना आधी बसवून मग वाढायचं, की ताटं वाढून मग त्यांना बसवायचं? मी म्हटलं, दोन्ही सारखंच.

बंडू : सारखंच की.

मास्तर : पाहुणे मोजता येतात तोवर. ते येतच राहिले, कधी संपलेच नाहीत, तर?

बंडू : तर मी स्वयंपाकघरात लपून बसेन. दाजी, तुमच्या चरणांना स्मरून विचारतो, हे भोक किती जणांना दिसणार? हे पुस्तक वाचणारी माणसं एका बाकावर मावतील. त्यातली दोन झोपलेली असतील.

मास्तर : एक जण जागा आहे. मी.

बंडू : तुम्ही तर लिहिलंच आहे, तुम्हाला वाचायचं कशाला? छापून टाकू. पुढच्या आवृत्तीत भोक बुजवा. सगळे असंच करतात. कादंबऱ्यांत तर मेलेली माणसं पुढच्या प्रकरणात जेवायला येतात, कोणी विचारत नाही.

मास्तर : कादंबरीकार 'हे उघड आहे' असं म्हणत नाही, म्हणून त्याला क्षमा आहे. बंडोपंत, माझं गणित मोठं नाही, ते मला माहीत आहे. पण वाक्य मी सरळ लिहितो. ज्या वाक्यात मला जितकं दिसतं तितकंच आहे, ते सरळ वाक्य. आणि इथे मी 'उघड' असं लिहिलं तेव्हा मी पाहिलंच नव्हतं. त्या वयात इतका उजेड असतो की बघावं लागत नाही. आज मला माहीत असताना तेच वाक्य तसंच छापलं, तर ते वाक्य तेच राहील, मी मात्र तो राहणार नाही.

बंडू : ताई, हे असे रोज बोलतात?

बाई : जेवताना थोडं कमी.

बंडू : मग काढून टाका ते प्रमेय.

मास्तर : भिंती कशावर ठेवू? पुढची सगळी प्रकरणं त्याला धरून आहेत.

बाई : ते आपण विचारून बघू.

मास्तर : कोणाला?

बाई : हिला. या भाषेला. अहो, मी प्रमेयांना आकडे लिहीतच नाही. आकडे ती स्वतः घालते. मी प्रत्येकाला एक नाव देऊन ठेवते, आणि जिथे तुम्ही 'अमुक प्रमेयावरून' म्हणता, तिथे ते नाव लिहिते. छापताना ती नावाच्या जागी आकडा बसवते. नाव सापडलं नाही तर आकड्याऐवजी दोन प्रश्नचिन्हं टाकते, ठळक, पानभर डोळ्यांत खुपतील अशी. तुमचं प्रमेय गप्प करायचं आणि बघायचं, कुठे कुठे प्रश्नचिन्हं उगवतात. जिथे उगवली, तिथला भार त्याच्यावर.

मास्तर : पुसून टाकणार?

बाई : पुसत नाही. ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह घातलं की तेवढी ओळ तिला दिसेनाशी होते. ओळ असते जागच्या जागी, नुसती बोलत नाही. घालू?

मास्तर : पुस्तक संपेपर्यंत प्रश्नचिन्हंच दिसतील.

बंडू : दिसू देत हो. माझा हेडमास्तर थांबलाय.

मास्तर : घाल.

बाई : घातली. सगळ्या ओळींना. फिरवते. ...हं. फिरलं.

बंडू : कुठे आहेत प्रश्नचिन्हं?

बाई : एकही नाही.

मास्तर : चौथं प्रकरण बघ. पहिलंच पान.

बाई : जसंच्या तसं. आकडे जागेवर.

बंडू : बघा. सगळं घर उभं. द्या फाइल.

मास्तर : एकही नाही? मग प्रमेयाचा आकडा कुठून येतोय? ते तर आता पुस्तकात नाही.

बाई : थांबा, एवढ्यात खूश होऊ नका. आपली ही नेहमीची चूक. पहिल्या फेरीला ती मागच्या वेळची आठवण धरून आकडे लिहिते. कोण कुठे होतं, ते तिने गेल्या वेळी टिपून ठेवलेलं असतं. ते गेलंय, हे तिला या फेरीत कळतं. पण लिहिताना तिला ते दुसऱ्या फेरीतच उमगतं.

मास्तर : म्हणजे एक फेरीभर ते नसूनही असतं.

बाई : हो.

मास्तर : चांगली सोय आहे.

बाई : फिरवू दुसऱ्यांदा?

मास्तर : जरा थांब. ...ऊन भिंतीवरून खाली उतरलं. फिरव.

बाई : फिरलं. आता मी एकेक प्रकरण उघडते, तुम्ही बघा. चौथं. इथे तुमच्या बैठकीत कुठेच नाही.

बंडू : बैठकीत?

मास्तर : कसली बैठक?

बाई : काही नाही. मी नावं ठेवलीत ना प्रत्येक प्रमेयाला. मला तुमचं गणित लक्षात राहत नाही, नकाशा लक्षात राहतो. म्हणून पहिल्या प्रकरणातल्या व्याख्येचं नाव ठेवलं 'उंबरठा'. दुसऱ्यातलं ते छोटं प्रमेय, जे तुम्ही सारखं वापरता, ते 'जिना'. चौथ्यातलं 'बैठक', पाचव्यात 'माजघर' आणि 'खिडकी'. सहाव्यात 'परसदार'.

बंडू : ताई, आणि छापल्यावर?

बाई : छापल्यावर आकडे. नावं आतच राहतात. वाचणाऱ्याला कळत नाही.

मास्तर : मला दोन वर्षं कळलं नाही.

बाई : जन्मभर दुसऱ्यांची घरं कागदावर काढली आणि भाड्याच्या खोल्यांत राहिले. एक घर आपलं काढलं, इतकंच. चिडलात का?

मास्तर : नाही. मी त्यात राहत होतो, आणि मला वाटत होतं मी पुस्तक लिहितोय. माझ्या मुख्य प्रमेयाचं काय नाव ठेवलंस?

बाई : 'गच्ची'. ते सांगताना तुम्ही दर वेळी वर बघायचात.

मास्तर : चौथ्यात बैठकीची सिद्धता बघ. तिथे मी 'गच्ची' वापरली आहे, नक्की.

बाई : नाही. तिथे 'जिना' आहे.

मास्तर : तेवढ्याने भागतं?... भागतं. आणि माजघर?

बाई : 'उंबरठा' आणि 'जिना'. खिडकीला 'माजघर'. प्रश्नचिन्ह नाही.

मास्तर : परसदार?

बाई : इथेही 'जिना'. अहो, तुम्ही कागदावर आधी मोठं लिहायचात, मग खोडून वर लिहायचात, 'छोट्यावरूनच होतं'. मी छोटं उतरवायची.

मास्तर : हाताला संशय होता. मला सांगितलं नाही त्याने.

बंडू : म्हणजे कुठेच नाही? सगळं धड?

बाई : एका ठिकाणी आहे. ही बघा दोन प्रश्नचिन्हं.

मास्तर : कुठे?

बाई : प्रस्तावनेत.

मास्तर : वाच.

बाई : 'या ग्रंथाचा सारा भार प्रमेय' आणि दोन प्रश्नचिन्हं, 'यावर आहे, हे उघड आहे.'

बंडू : ख्खु... ख्खु...

बाई : हसू नकोस रे.

बंडू : मी हसलो नाही. मला ठसका लागला.

मास्तर : हसा, बंडोपंत. ज्याच्यावर सारा भार म्हणून मी जन्मभर अलगद पावलं टाकत आलो, त्याच्यावर एक वाक्य तेवढं टेकलं होतं. तेही बढाईचं.

बाई : वाईट वाटतंय?

मास्तर : वाटतंय. घर पडेल म्हणून भीती वाटत होती. पडलं नाही, म्हणून आनंद व्हायला हवा. पण ज्याच्यासाठी घर बांधलं तो पाहुणा कधी आत आलाच नव्हता, असं काहीसं. तू म्हणशील, हा माणूस दोन्हीकडून रडतो.

बाई : मी काही म्हणत नाही. मी नकाशेवाली आहे. मला एवढंच कळतं की गच्ची काढली म्हणून घर पडत नाही. वर आकाश असतं, ते राहतंच. आणि खरं सांगू? तुम्ही ती तिसऱ्या मजल्यावर ठेवलीत, तेव्हाच मला खटकलं होतं. वर तीन मजले असताना मध्ये गच्ची कोण बांधतं?

मास्तर : तेव्हा बोलली नाहीस.

बाई : तुम्ही वर बघत होतात.

बंडू : मग आता? दाजी, मी हेडमास्तरला काय सांगू?

मास्तर : अर्ध्या तासात निघतो म्हणून सांगा. अगं, ती टक्क्याची चिन्हं काढ.

बाई : परत बोलतं करू?

मास्तर : कर. आणि प्रमेय तिथून उचल. सहाव्या प्रकरणाच्याही पुढे, पुस्तकाच्या अगदी शेवटी ने. सिद्धता गाळ. शीर्षक बदल. 'प्रमेय' नको, 'प्रश्न' कर.

बाई : एकच शब्द बदलायचा. मधल्या सगळ्यांचे आकडे ती सरकवून घेईल.

मास्तर : त्यांना कळणारही नाही मध्ये कोण होतं ते.

बंडू : कळेल हो. पहिल्या फेरीत.

मास्तर : बंडोपंत, तुम्ही या विषयात पडू नका, तुम्हाला येऊ लागेल.

बाई : प्रस्तावनेतल्या त्या वाक्याचं काय करू? काढू?

मास्तर : काढू नको, बदल. लिही : 'या ग्रंथाच्या शेवटी एक प्रश्न आहे. तो मला तरुणपणी उत्तर म्हणून भेटला. त्याच्यावर काहीही उभं नाही. वाचकाने निर्धास्तपणे घरात वावरावं.'

बाई : घरात? 'ग्रंथात' लिहू ना?

मास्तर : 'घरात' लिही.

बंडू : वाचणारे गोंधळतील.

मास्तर : एका बाकावर मावतात ना, मग समजावू एकेकाला.

बाई : लिहिलं. आता शेवटचं पान. प्रश्न आला. तुमचं सूत्र सगळ्यात खाली, एकटं. त्याच्यापुढे पूर्णविराम आहे.

मास्तर : तो काढ.

बाई : तुम्ही सांगताय, पूर्णविराम काढ?

मास्तर : प्रश्नचिन्ह दे. तिच्यासारखी दोन नकोत, एकच. आधी ती बारीक फट.

बाई : दिली. इथे सावली पडली हो पडद्यावर, जरा खिडकी उघडता का? ...हं. आता दिसतंय. फिरवू?

मास्तर : फिरव. दोनदा.

बाई : माहीत आहे मला.

मास्तर : पहिल्या फेरीला ती जुनंच आठवत बसेल. बसू दे जरा.